पहिल्या पेल्यातलं पाणी

केदारखेड्याच्या बाजारतळावर त्या दिवशी बाजार नव्हता, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. भोकरदनकडून, राजूरकडून, थेट जालन्याहून जीपा भरून लोक आले होते. मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत नाना तऱ्हेचे श्वास चालले होते. कुणाच्या छातीत शीळ वाजत होती, कुणाच्या छातीत घरघर, कुणी दोन शब्द बोलून थांबत होतं. प्राणवल्लभ महाराजांच्या शिबिराला दमेकऱ्यांचीच गर्दी जास्त असे. महाराज दर अमावस्येला यायचे आणि एका फुंकरीत दमा काढायचे, अशी त्यांची ख्याती होती.

महाराज दिसायला तजेलदार होते. अंगात केशरी रेशमी कुडता, कानाला अडकवलेला माइक आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला विचार करायला सवडच मिळू नये.

"पंप कशाला लागतो?" महाराज विचारत, आणि स्वतःच उत्तर देत, "विहिरीला लागतो. बोअरला लागतो. तुम्ही काय विहीर आहात की बोअर? देवानं तुमच्या छातीत मोटार बसवून पाठवलीय, आणि तुम्ही वरून पंप लावता."

मांडव हसे. हसता हसता अर्धा मांडव खोके. मग महाराज एका वाक्यात उपनिषद, दुसऱ्यात व्हायब्रेशन आणि तिसऱ्यात टॉक्सिन आणत. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायला दम लागतो, आणि समोर बसलेल्यांकडे नेमका तोच नव्हता.

बोलणं झालं की खरा प्रकार सुरू होई. मंचावर दोन तांब्याचे हंडे ठेवलेले. दोन्हींत गंगाजल, असं महाराज सांगत. रोग्याला पुढे बोलवायचं, पहिल्या हंड्यातलं पाणी काचेच्या पेल्यात भरायचं, सगळ्यांना दाखवायचं. पाणी आरशासारखं स्वच्छ. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ त्या पाण्यात बुडवून रोग्याला त्यातून फुंकायला सांगायचं. बुडबुडे येत, आणि बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं होई.

"हा तुझा दमा," महाराज पेला उंच धरून म्हणत. "वर्षानुवर्षं छातीत साठलेलं विष. डॉक्टरच्या मशीनला दिसलं नाही, गंगेला दिसलं."

मग रोग्याला श्वास रोखायला लावून महाराज त्याच्या कानात फुंकर मारत आणि दुसऱ्या हंड्यातलं पाणी नव्या पेल्यात देत. रोगी पुन्हा फुंके. कितीही फुंकलं तरी हे पाणी स्वच्छच राही. दमा गेला. लोक हात जोडत, बायका डोळ्यांना पदर लावत. शेवटी मंचाच्या कडेला ठेवलेल्या मोठ्या पितळी घंगाळात रोग्यानं आपला पंप, म्हणजे तोंडात औषध फवारायचा इनहेलर, स्वतःच्या हातानं टाकायचा. त्या दिवशी ते घंगाळ निळ्या, तपकिरी पंपांनी भरत आलं होतं.

त्यात कौसल्याबाईंचाही पंप पडला.

कौसल्याबाई गावातल्याच. नवरा बद्रीनाथ, पूर्णेकाठी मोसंबीची बाग आणि सोयाबीनचं रान असलेला कष्टाळू माणूस. सासू झुंबरबाई, आणि आठवीत शिकणारी एकुलती एक मुलगी शीतल. कौसल्याबाईंना दमा माहेरपासून होता. लग्न ठरताना तो लपवला होता आणि लग्नानंतर तो लपवता येईना. पण सासरी कुणी टोचून बोललं नाही. झुंबरबाई त्यांना धुळीचं काम सांगत नसत. बद्रीनाथ थंडीत त्यांच्यासाठी बंब पेटवून देई.

राजूरच्या डॉक्टर अंबरीन यांच्याकडे त्यांचा इलाज चालू होता. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दम लागो न लागो, आणि दुसरा दम लागला तरच. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी त्यांना योगाला बसवलं होतं.

बसवलं म्हणजे सहजासहजी नाही. कौसल्याबाई चार दिवस करत आणि सोडून देत. कधी पाहुणे, कधी सणवार, कधी नुसता कंटाळा. प्रत्येक वेळी दवाखान्यात गेल्या की मान खाली घालून सांगत, मॅडम, खंड पडला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घरात रोज न चुकता होणारं काम कोणतं? कौसल्याबाई म्हणाल्या, अंघोळीचं पाणी तापवणं. मग डॉक्टरांनी सांगितलं, बंब पेटला की बसायचं, पाणी तापलं की उठायचं. तेवढ्यात होईल तेवढं करायचं. एखादा दिवस चुकला तर स्वतःला बोल लावत बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी बंबाजवळ बसायचं.

हे मात्र जमलं. गोधडीची घडी घालून त्या पडवीत बसायच्या, धुराच्या उलट अंगाला. एक हात पोटावर. नाकानं सावकाश श्वास आत, पोट फुगलं का ते हाताला कळू द्यायचं, आणि चहा निववताना मारतो तशी लांब, हलकी फुंकर मारत बाहेर. श्वास कुठं अडतो, कुठं मोकळा होतो, तिकडं लक्ष द्यायचं. मन पळालं की पुन्हा तिथंच आणायचं. मग उभं राहून हात वर ताणायचे, पाठीला थोडा बाक द्यायचा. एवढंच. पण रोज. शीतल अभ्यासाचं पुस्तक बाजूला ठेवून आईशेजारी बसायची. दोघींचा श्वास एका लयीत आला की दोघींनाही हसू यायचं आणि लय मोडायची.

वर्षभरात फरक पडला. कौसल्याबाई आठवडी बाजारातून पिशवी घेऊन चालत घरी येऊ लागल्या. दम लागण्याआधीच त्यांना चाहूल लागायची आणि त्या न घाबरता पंप घेऊन शांत बसायच्या. डॉक्टर प्रत्येक वेळी एक गोष्ट बजावत असत, की योगानं छातीचे स्नायू सैल होतात, भीती कमी होते, पण श्वासनळीची सूज औषधानंच उतरते. दोन्ही लागतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

इतकं बरं चाललं होतं, म्हणूनच बद्रीनाथला वाटलं की आता पुरतं बरं व्हावं. पंप हातात धरलेली बायको त्याला बघवत नसे. लोक म्हणत, पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा इलाज. त्याला ते मनातून टोचे. शिबिराची गोष्ट त्यानंच काढली. कौसल्याबाई आधी नाही म्हणाल्या, मग त्याच्या समाधानासाठी तयार झाल्या, आणि शीतलला घेऊन तिघं गेले.

मंचावर महाराजांनी त्यांना विचारलं, घरी काय करता? त्यांनी अभिमानानं सांगितलं, रोज योग करते, श्वासाकडं लक्ष देते. महाराज मांडवाकडे वळून हसले. "कुणी शिकवला?" डॉक्टरांचं नाव ऐकल्यावर त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. गुरूशिवाय केलेला योग उलटतो, दवाखान्यात मिळणारा श्वास हा सुईतला श्वास, ज्यांना परंपरा ठाऊक नाही त्यांनी शिकवलेला प्राणायाम छातीत गाठी करतो, असं बरंच काही ते बोलले. मांडव गंभीर झाला. कौसल्याबाईंनी फुंकलं. पाणी पांढरं झालं, आणि त्या पेल्याकडं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हे आपल्या आत होतं, असं त्यांना वाटलं असणार.

महाराजांनी दोन आज्ञा दिल्या. घरचा योग बंद. आणि दम लागला तर कुंभक करायचा, म्हणजे श्वास घट्ट रोखून महाराजांचं नाव घ्यायचं. दम लागल्यावर घ्यायचा पंप घंगाळात गेला. घरी आल्यावर बद्रीनाथनं रोजचा पंपही पुढच्या शिबिरात टाकायला म्हणून काढून ठेवला.

पुढचे दोन-तीन आठवडे कौसल्याबाईंना काहीच झालं नाही. बद्रीनाथनं गावभर सांगितलं. गोजरबाई नावाच्या शेजारणीनं आपल्या नातवाचा पंपसुद्धा फडताळात टाकून दिला. शीतलनं एकदा विचारलं, मम्मी, बसायचं का? कौसल्याबाईंनी बंबाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नको बाई. महाराज न्हाई म्हणले ना." शीतल एकटीच बसली. तिला करमेना, मग तिनंही सोडलं.

सोयाबीनची मळणी आली. रानात यंत्र लागलं. एरवी कौसल्याबाई मळणीच्या दिवशी घरीच थांबत. या वर्षी त्या बऱ्या झाल्या होत्या, म्हणून भाकरी घेऊन रानात गेल्या. शनिवार असल्यानं शाळा सकाळची होती, शीतलही दुपारी तिकडंच आली. यंत्रातून भुसा उडत होता, वारा पडला होता आणि धूळ जागच्या जागी तरंगत होती.

शीतलनं बघितलं तेव्हा आई बांधावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढं वाकली होती. खांदे वरखाली होत होते. बद्रीनाथ धावत आला. त्याला महाराजांची आज्ञा आठवली.

"कौसल्या, श्वास रोख. नाव घे. रोखून धर."

कौसल्याबाईंनी खरंच रोखला. ज्या बाईला श्वास सोडता येत नव्हता, तिनं होता तोही आत कोंडून धरला. तोंड काळंनिळं पडलं. शीतल ओरडली, "पप्पा, रोखायचा न्हाई, सोडायचा असतो. मॅडमनी सांगितलंय. पंप कुठाय?"

पंप कुठं होता हे तिघांनाही ठाऊक होतं.

मळणीवाल्याची पिकअप घेऊन ते राजूरला निघाले. वाटेत कौसल्याबाईंनी शीतलचा हात पोटावर ओढून धरला, जसा बसताना स्वतःचा धरत तसा. त्या काहीतरी सांगू पाहत होत्या, पण शब्दापुरतीही हवा नव्हती. दवाखान्याच्या दारात गाडी लागली तेव्हा तो हात सैल पडला होता. डॉक्टर अंबरीन यांनी जे करायचं ते सगळं केलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, छाती दाबत राहिल्या. कंपाउंडरनं त्यांना हलकेच खांद्याला धरून बाजूला केलं, तेव्हा कुठं त्या थांबल्या.

दहावं झाल्यावर बद्रीनाथ महाराजांच्या मठात गेला. रडण्यासाठी त्याला तीच एक जागा उरली होती. परत आला तो वेगळाच होऊन. महाराजांनी सांगितलं होतं की फुंकर खोटी पडत नाही, बाईच्या मनात शंका होती, तिनं चोरून घरचा योग चालू ठेवला असणार. बद्रीनाथनं घरी येऊन शीतलला विचारलं, "खरं सांग, तुझी मम्मी चोरून करत होती का?"

शीतल उठून आत गेली. आई गेली त्या दिवसापेक्षा तिला हा प्रश्न जास्त लागला. आई मेली, आणि वर तिच्यावरच आळ. त्यानंतर बापलेक एकाच वेळी जेवायला बसत, पण एकमेकांकडं बघत नसत. झुंबरबाई मधे बसून दोघांना वाढत.

शाळेत हरिओम सर विज्ञान शिकवत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल, पण सर प्रत्येक प्रयोग मुलांच्या हातून करून घेत. त्या दिवशी धडा हवेचा होता. आदल्या दिवशी सरांनी पाण्यात चुना कालवून ठेवला होता. चुना खाली बसला आणि वर जी निवळी राहिली ती त्यांनी अलगद एका चंचुपात्रात ओतून घेतली. स्वच्छ पाणी, कुणालाही प्यावंसं वाटेल असं. मग त्यांनी शीतलला बोलावलं. पोरगी बरेच दिवस गप्प होती, तिनं काहीतरी करावं असं त्यांना वाटलं. नळी हातात देऊन म्हणाले, फुंक.

शीतलनं फुंकलं. पाणी पांढरं झालं.

सर वर्गाला सांगत होते की आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो चुन्याशी मिळाला की असा पांढरा साका तयार होतो. मुलं वहीत उतरवून घेत होती. शीतलनं नळी टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "सर, मला तर दमा न्हाई."

सरांना आधी कळलं नाही. ते म्हणाले, दम्याचा काय संबंध, कुणीही फुंकलं तरी असंच होतं. तुझं, माझं, सगळ्यांचं.

"सगळ्यांचं?" शीतलनं विचारलं. मग हळूहळू तिनं मांडवातला प्रकार सांगितला. दोन हंडे, पपईचा देठ, आधी पांढरं झालेलं पाणी, नंतर न झालेलं. सर शिबिराला कधी गेले नव्हते; महाराज फुंकर मारतात एवढंच त्यांनी ऐकलं होतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या हंड्यात काय होतं, असं एका मुलानं विचारलं. "साधं पाणी," सर म्हणाले. "नळाचं असेल, नाहीतर विहिरीचं."

संध्याकाळी सर निवळीची बाटली आणि नळी घेऊन शीतलबरोबर तिच्या घरी गेले. बद्रीनाथ ओट्यावर बसला होता. सरांनी बसायची परवानगी मागितली, आणि समजावून सांगायला तोंड उघडलं, तर शीतलनं त्यांना थांबवलं. तिनं आतून स्टीलची नव्हे, काचेची पेली आणली, निवळी ओतली आणि बापापुढं धरली.

"पप्पा, यात फुंका."

"कामून?"

"फुंका तर."

बद्रीनाथनं मुलीच्या तोंडाकडं बघितलं. पुष्कळ दिवसांनी ती आपण होऊन बोलत होती. त्यानं नळी तोंडात धरून फुंकलं. पेलीतलं पाणी ढवळलं, धुरकट झालं, मग पांढरं.

"तुम्हाला दमा आहे का, पप्पा?"

बद्रीनाथनं नकारार्थी मान हलवून पेली परत दिली. शीतलनं ती ओतून दिली, पुन्हा भरली आणि आजीला दिली. झुंबरबाईंनी फुंकलं. पांढरं. मग तिनं स्वतः फुंकलं. पांढरं. शेवटी साधं पाणी घेऊन पुन्हा बापाला दिलं. तो फुंकत राहिला, गाल दुखेपर्यंत फुंकत राहिला. पाणी होतं तसंच राहिलं.

"मम्मीनं चोरून न्हाई केलं," शीतल म्हणाली. "एकदा पण न्हाई केलं. तुम्ही सांगितलं म्हणून सोडलं तिनं."

बद्रीनाथनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या गोजरबाई दारात आल्या. तो म्हणत होता, मी रोखायला लावला, ती सोडत होती, मीच रोखायला लावला. सर त्याच्याजवळ बसून राहिले. झुंबरबाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, तशी शीतल उठून बापाजवळ जाऊन बसली.

अमावस्येला मांडव पुन्हा भरला. सरांनी पोलीस पाटलांना आधी कळवलं होतं, ठाण्यातले दोन शिपाई मागं उभे होते. डॉक्टर अंबरीन दवाखाना बंद करून आल्या होत्या. महाराजांचं विहिरीचं आणि बोअरचं बोलून झालं, लोक हसून झाले, आणि पहिला रोगी बोलवायच्या वेळी बद्रीनाथ उठून मंचावर गेला. महाराजांना वाटलं भक्त आला. त्यांनी माइकमधून त्याच्या दुःखाबद्दल दोन शब्द सांगितले, श्रद्धेची परीक्षा वगैरे.

बद्रीनाथ म्हणाला, "महाराज, मला फुंकायचंय."

"तुला काय झालंय?"

"काही न्हाई झालं. म्हणूनच."

महाराजांनी हात पुढं केला, पण तोवर त्यानं पहिल्या हंड्यात पेला बुडवला होता. देठ घालून त्यानं फुंकलं. पाणी पांढरं झालं. त्यानं पेला उंच धरला, महाराज धरत तसा. मग खाली बसलेल्या आपल्या ओळखीच्या पैलवान पप्पूला वर बोलावलं. आखाड्यात रोज मेहनत करणारा, धडधाकट गडी. पप्पूनं एकच दमदार फुंकर मारली आणि पाणी लगेच पांढरं झालं. मांडवात कुजबुज सुरू झाली. महाराज म्हणू लागले, सूक्ष्म दोष सगळ्यांत असतो, कलियुगात शुद्ध श्वास कुणाचाच नाही.

"मंग तुम्ही फुंका," बद्रीनाथ म्हणाला.

महाराज हसले, पण देठ हातात घेईनात. त्यांचा माणूस पहिला हंडा उचलायला पुढं आला, तर मुलामागोमाग वर चढलेल्या झुंबरबाई हंड्याला धरून बसल्या. हरिओम सर वर आले. त्यांनी खिशातून चुन्याची पुडी काढून दाखवली, पानवाल्याकडं मिळतो तोच चुना, आणि निवळी कशी करतात ते सांगितलं. मग त्यांनी जोर देऊन फक्त एक गोष्ट विचारली. इतक्या शिबिरांत पहिल्या पेल्यात एखाद्या धडधाकट माणसाला कधी फुंकायला लावलं होतं का? आणि दुसऱ्या पेल्यात कानात फुंकर मारण्याआधी एखाद्या रोग्याला?

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

महाराजांना त्याच दिवशी ठाण्यात नेलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली, बद्रीनाथनं सही केली. त्यात स्वतःनं काय केलं तेही त्यानं लिहायला लावलं. शिपाई म्हणाला, हे लिहायची गरज नाही. बद्रीनाथ म्हणाला, लिहा.

मांडवात लोक मागच्या शिबिरांतल्या पंपांनी भरलेल्या घंगाळाभोवती जमले. पंप उलटेपालटे करून आपला कोणता ते शोधू लागले. डॉक्टर अंबरीन यांनी त्यांना थांबवलं, यातले वापरू नका, माझ्याकडं या, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, पण आजच जा. गोजरबाई नातवाला कडेवर घेऊन सगळ्यात आधी उभ्या होत्या. झुंबरबाई मात्र मंचाच्या पायरीवरच बसून होत्या. त्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं.

"मला एक सांगा, बाई. फुंकर खोटी होती, तर माझी सून दोन-तीन आठवडे कशी बरी राहिली? तिच्याकडं बघूनच तर आमचा इश्वास बसला."

डॉक्टर त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी सांगितलं की कौसल्या रोजचा पंप वर्षभर न चुकता घेत होती. त्या औषधानं श्वासनळीची सूज उतरलेली होती. औषध बंद केलं म्हणून सूज दुसऱ्याच दिवशी परत येत नाही, हळूहळू येते. त्या आठवड्यांत कौसल्या बरी होती ती जुन्या औषधावर आणि स्वतःच्या वर्षभराच्या मेहनतीवर.

"म्हणजे तिचं पुण्य त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं," झुंबरबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मंग ती कशानं गेली?"

"दम्यानं गेली," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावर औषध होतं. ते तिच्याजवळ नव्हतं."

यावर बद्रीनाथ, झुंबरबाई किंवा शीतल, कुणाचंही समाधान होण्यासारखं काही नाही. गावात आता सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर येतात आणि लोकांना श्वासाचा योग शिकवतात, पंप पिशवीत घेऊन बसायला लावतात. बद्रीनाथ सगळ्यात मागं बसतो. श्वास सोडायची वेळ आली की त्याला रडू येतं, तरी तो बसतो. शीतल येत नाही. डोळे मिटले की आईच्या श्वासाचा आवाज येतो, असं तिनं सरांना सांगितलं. डॉक्टरांनी तिला आग्रह केलेला नाही.

सांगायचं आहे ते साधं आहे. योग जरूर करा. घरी करा, जमेल तेवढा करा, रोज करा. त्यासाठी कुणाची फुंकर लागत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, आणि सोडायला सांगणारा कितीही गोड बोलत असला तरी त्याला हात जोडून घरी या. आणि कुठं चमत्कार दिसलाच, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा की हे एखाद्या निरोगी माणसावर करून दाखवा. त्या मांडवात हजारभर माणसं होती. हे म्हणणारं एक जरी असतं, तरी कौसल्याबाई आज असत्या.